नमुना, मेळ आणि नोंद : परभणी जिल्ह्यातील भूमी अभिलेखांच्या पडताळणीचा इतिहास

प्रास्ताविक

कोणत्याही नोंदीला दोन कसोट्या लावता येतात. ती ठरवून दिलेल्या नमुन्यात आहे काय, ही पहिली. आणि तिच्यात जे लिहिले आहे ते खरे आहे काय, ही दुसरी. संगणकशास्त्रात ‘स्कीमानुसार पडताळणी’ या नावाने ओळखली जाणारी प्रक्रिया पहिल्या कसोटीपुरतीच मर्यादित आहे व तिचे जाणकार तसा दावाही स्पष्टपणे करतात. राज्यकारभारात मात्र या दोन कसोट्यांची वारंवार गल्लत झालेली दिसते. नमुन्यात बसलेली नोंद खरी मानली गेली, न बसलेली संशयास्पद ठरली, आणि तिची झळ नोंद ठेवणाऱ्यापेक्षा ज्याची नोंद होती त्यालाच अधिक बसली. प्रस्तुत निबंधात परभणी जिल्ह्यातील भूमी अभिलेखांच्या आधारे, निजामकालीन दप्तरापासून कर्जमाफीच्या संगणकीय तक्त्यांपर्यंत, या गल्लतीचा मागोवा घेतला आहे.

स्कीमा या संकल्पनेचे स्वरूप

माहितीच्या प्रत्येक भागाला नावाची खूण लावून ती साठविण्याची एक्सएमएल ही पद्धती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तिचे मूळ १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या एसजीएमएल या पद्धतीत आहे. एखादा सातबारा या पद्धतीने लिहावयाचा झाल्यास गाव, गट क्रमांक, खातेदार, क्षेत्र अशा खुणांमध्ये ती ती माहिती ठेवली जाते. या खुणा देवनागरीतही लिहिता येतात, ही गोष्ट मराठी अभ्यासकांच्या फारशी ध्यानात आलेली नाही.

अशी फाइल दोन पायऱ्यांनी तपासली जाते. उघडलेली प्रत्येक खूण योग्य जागी बंद झाली असेल तर फाइल ‘सुघटित’ ठरते. त्यापुढे, अमुक घटकात अमुक उपघटक असलाच पाहिजे, तमुक ऐच्छिक आहे, क्षेत्राच्या जागी संख्याच हवी, जिल्ह्याचे नाव दिलेल्या यादीतीलच हवे, असे नियम वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवलेले असतात. ती नियमांची फाइल म्हणजे स्कीमा, आणि त्या नियमांत बसणारी फाइल ‘वैध’. आरंभीच्या डीटीडी या पद्धतीत मुख्यतः कोणत्या घटकात कोणता घटक येतो हे सांगता येत असे. संख्या, दिनांक यांसारखे प्रकार सांगण्याची सोय २ मे २००१ रोजी प्रसिद्ध झालेल्या एक्सएमएल स्कीमाने केली. एका ठिकाणी दिलेला क्रमांक दुसऱ्या ठिकाणी खरोखर अस्तित्वात आहे काय, हेही त्यात तपासता येते. प्राध्यापकवर्गाला ही प्रक्रिया निराळ्या नावाने परिचित आहे. प्राप्तिकर विवरणपत्राची फाइल अनेक वर्षे एक्सएमएल स्वरूपात भरली जात असे (२०२१-२२ या कर निर्धारण वर्षापासून जेसन हे स्वरूप आले) आणि एखादा रकाना चुकला की ती फाइल स्वीकारली जात नसे. विवरणात दाखविलेले उत्पन्न खरे आहे किंवा नाही, हे मात्र त्या तपासणीने कधीच ठरत नव्हते.

निजामकालीन दप्तर आणि खासरा पत्रक

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. म्हणजे अवघ्या बारा वर्षांत येथील जमिनीचे दप्तर तीन राज्यरचनांच्या हाताखालून गेले. तालुका व जिल्हा पातळीवरील कामकाज उर्दूतून चाले. गावपातळीवर मराठी, आणि पुष्कळदा मोडी, लिहिली जाई. जमीनही एकाच व्यवस्थेखाली नव्हती. खालसा मुलुखाबरोबर जहागिरी, इनामे, मदतमाश असे धारणाचे निरनिराळे प्रकार होते. १३५८ फसलीच्या विनियमाने जहागिरी संपल्या, १९५० मध्ये हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला आणि १९५४ च्या अधिनियमाने इनामे रद्द करण्याचा मार्ग खुला झाला. नवा कायदा राबवायचा तर प्रत्यक्ष जमीन कोण कसतो हे कळणे भाग होते. १९५४-५५ च्या खासरा पत्रकाला मराठवाड्यात आजही जे महत्त्व दिले जाते त्याचे कारण हे आहे. शेतोशेत पाहणी करून कब्जेदार, कूळ आणि धारणाचा प्रकार त्यात लिहिला गेला.

या कागदपत्रांना आजच्या अर्थाने स्कीमा लावला तर काय होईल? फसली सन घ्या. फसली सनात सुमारे ५९० मिळविले की इसवी सन येतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. परंतु ‘वर्ष : १३५८’ ही नोंद यंत्राच्या दृष्टीने संपूर्ण वैध आहे, कारण १३५८ हे चार अंकी वर्षच आहे. ती चौदाव्या शतकातली ठरेल आणि कोणताही इशारा मिळणार नाही. याउलट आजूर, बहमन अशा महिन्यांनी लिहिलेला बिनचूक दिनांक फेटाळला जाईल. शेतसाऱ्याची रक्कम हाली सिक्क्यात आहे की कलदारात, याचेही तसेच. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा विनिमयाचा दर होता आणि हाली सिक्का १९५९ मध्ये चलनातून गेला. रक्कम लिहिणाऱ्या पटवाऱ्याला चलन कोणते हे सांगण्याची गरज वाटली नव्हती. ते सर्वांनाच ठाऊक होते. नमुन्यात न लिहिलेले पण सर्वांना ठाऊक असलेले असे पुष्कळ काही प्रत्येक दप्तरात असते, आणि पिढी बदलली की तेच प्रथम हरवते.

स्थलनामांची अडचण आणखी निराळी आहे. परतूर तालुका १ मे १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. त्या दिवशी तो नव्या जालना जिल्ह्यात गेला. हिंगोली, वसमत, कळमनुरी हा भाग १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा म्हणून वेगळा झाला. ‘तालुका परतूर, जिल्हा परभणी’ ही १९७५ सालची नोंद त्या काळी अचूक होती. आजच्या तालुक्यांच्या यादीशी ताडून पाहिली तर ती चूक ठरते. परभणीतील सेलू इंग्रजी कागदपत्रांत व जनगणनेत ‘सैलू’ असे उच्चार होतील अशा अक्षरांनी लिहिले गेले, शिवाय वर्धा जिल्ह्यातही सेलू नावाचा तालुका आहे. नावाऐवजी क्रमांकाने गाव ओळखण्याची गरज यातूनच उत्पन्न झाली. पुढे केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक सातबारावर छापला जाऊ लागला तो याचसाठी. तथापि कोणत्या तारखेची यादी लावायची हा प्रश्न संकेतांकाने सुटत नाही.

सातबारा आणि मेळ

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. गाव नमुन्यांची १ ते २१ अशी रचना, त्यातील सात क्रमांकाचा अधिकार अभिलेख आणि बारा क्रमांकाची पिकांची नोंदवही मिळून होणारा सातबारा, सहा क्रमांकाची फेरफार नोंदवही, आठ-अ हे खातेदाराचे एकत्रित पत्रक, ही यंत्रणा परभणीच्या शेतकऱ्याला तेव्हापासून परिचित आहे. ही यंत्रणा पाहिली तर स्कीमाची कल्पना महसूल खात्याला नवी नव्हती हे लक्षात येते. सातबारावरील फेरफार क्रमांक सहा नंबरच्या वहीत सापडलाच पाहिजे. गटातील सर्व खातेदारांचे क्षेत्र आणि पोटखराबा मिळून गटाचे एकूण क्षेत्र आले पाहिजे. गावातील सर्व गटांची बेरीज आकारबंदाशी जुळली पाहिजे. महसुली भाषेत याला ‘मेळ’ म्हणतात. एक्सएमएल स्कीमातील परस्परसंदर्भाचे नियम याहून फारसे वेगळे नाहीत.

पण हाताने ठेवलेल्या वहीत मेळ न बसला तरी वही बंद पडत नसे. तलाठी शेरा लिहून पुढे जाई. ‘ए.कु.मॅ.’ हे अक्षरांचे त्रिकूट त्याचे उत्तम उदाहरण आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे नाव लागे आणि धाकट्यांची नावे उताऱ्यावर येत नसत; तीन अक्षरांत त्यांचा हक्क सुचविलेला असे. अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहून पालनकर्त्याचे नाव येई. बहिणींची नावे पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात जात. १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क मिळाल्यानंतरही ही सवय मोडली नाही. संगणकाच्या परिभाषेत सांगायचे तर भावाचे नाव अनिवार्य घटक होते आणि बहिणीचे ऐच्छिक. नमुना स्वतः तसे कोठेही म्हणत नव्हता. वहिवाटीने तो तसा वाचला जाई. अशी नोंद कोणत्याही मेळाच्या तपासणीत अडकत नाही, कारण बेरीज जुळलेली असते.

दशमान पद्धती आल्यावर एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले, आणि मेळ बिघडण्याचे एक निरुपद्रवी कारण निर्माण झाले. १० एकर १ गुंठ्याचा गट म्हणजे ४०१ गुंठे; हेक्टरमध्ये सुमारे ४.०६. तीन भावांत तो समान वाटला तर प्रत्येकी १.३५ हेक्टर येतात आणि त्यांची बेरीज ४.०५ होते. एक आर, म्हणजे शंभर चौरस मीटर जमीन, केवळ अपूर्णांक सोडल्यामुळे नाहीशी होते. जमीन कोणी बळकावलेली नाही, कोणाचा वाद नाही, तरीही मेळ नाही. कागदावरच्या वहीत ही तफावत वर्षानुवर्षे कोणाला बोचली नव्हती.

संहितेच्या कलम १५७ ने या सर्वांस आणखी एक परिमाण दिले आहे. अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे ते कलम सांगते. नमुन्यात बसणे आणि खरे असणे यांतील अंतर कायद्यानेच, व्यवहाराच्या सोयीसाठी, तात्पुरते बुजविलेले आहे. ते अंतर उघडे करण्याचा भार मात्र जो नोंदीला हरकत घेतो त्याच्यावर पडतो.

संगणकीकरण आणि चावडी वाचन

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला होता. परभणीसह उर्वरित जिल्हे नंतर आले. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि राज्यात ई-फेरफार प्रणाली उभी राहिली. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातील सातबारा तंतोतंत जुळावा यासाठी आधी एडिट आणि मग री-एडिट अशा दुरुस्तीच्या फेऱ्या झाल्या. विसंगतींचे अहवाल यंत्र तयार करी आणि तलाठी ते एकेक करून निरंक करी.

या टप्प्यावर जे घडले ते इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष बारकाईने पाहावे असे आहे. आजवर शेरा लिहून निभावलेली प्रत्येक गोष्ट आता ‘त्रुटी’ झाली. अपूर्णांकामुळे गेलेला एक आर आणि दोन भावांच्या खऱ्याखुऱ्या वादातून आलेला अर्धा एकर, हे दोन्ही अहवालात शेजारी शेजारी, एकाच नावाखाली येऊ लागले. कायद्याला हा फरक माहीत आहे. लेखनप्रमाद असेल तर तो कलम १५५ खाली दुरुस्त होतो. हक्काचा वाद असेल तर चौकशी, सुनावणी, अपील हा मार्ग आहे. विसंगती मोजणाऱ्या अहवालाला हा फरक कळण्याचे कारण नव्हते. अहवाल निरंक करण्याची मुदत जवळ आली की कोणती त्रुटी कोणत्या मार्गाने निरंक झाली, हे विचारण्यास सवड राहत नाही.

अक्षरांचाही प्रश्न होता. मराठीतील ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ ही जोडाक्षरे युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या संकेतांच्या जोडणीने लिहिता येतात. कागदावर आणि पडद्यावर ‘कऱ्हाळे’ हे आडनाव दोन्ही वेळी सारखेच दिसते. यंत्राला ती दोन आडनावे वाटू शकतात. मराठवाड्यात असे आडनाव असलेल्या शेतकऱ्याला सातबारावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही असे सांगण्यात आले, तर डोळ्यांनी दोन्ही कागद पाहून त्याला त्यातील फरक कधीही सापडणार नाही. आधारचा अनुक्रम तर त्याहून फसवा आहे. त्याचा शेवटचा अंक व्हेरहोफ पद्धतीने काढलेला ताळ्याचा अंक असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर यंत्र लगेच ओळखते. शेजाऱ्याचा संपूर्ण क्रमांक चुकून लिहिला गेला तर मात्र ताळा बरोबर येतो.

याच मोहिमेत यंत्राबाहेरची एक जुनी कसोटीही योजली गेली, ती म्हणजे चावडी वाचन. संगणकीकृत सातबारा गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचे आणि हरकती नोंदवायच्या, अशी ही रीत. बेरीज जुळते पण माणूस चुकला आहे, मयताचे नाव तसेच राहिले आहे, बहिणीचे नाव गळले आहे, हे सांगू शकणारी तपासणी संपूर्ण प्रक्रियेत एवढी एकच होती. अर्थात चावडीवर कोण हजर राहते आणि कोणाला बोलण्याची मुभा असते, यावरही तिचा निकाल अवलंबून असतो. सासरी गेलेली बहीण माहेरच्या चावडीवर सहसा नसते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला. स्वाक्षरी उताऱ्यात फेरबदल झालेला नाही याची हमी देते, मूळ नोंद बरोबर असल्याची नव्हे.

शेजारच्या कर्नाटकात, ज्यातील काही जिल्हे परभणीप्रमाणेच हैदराबाद संस्थानातून आले, ‘भूमी’ प्रकल्पाने याच्या दीड दशक आधी हस्तलिखित उतारे बाद केले होते. तेथील अनुभवाची तुलना स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

रकान्यांची कर्जमाफी

२०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत नमुन्याने शेतकऱ्याच्या दैनंदिन जीवनात थेट प्रवेश केला. दीड लाखापर्यंतच्या थकीत कर्जाच्या माफीसाठी २४ जुलै २०१७ पासून ऑनलाइन अर्ज घेण्यात आले. मुदत १५ सप्टेंबर व नंतर २२ सप्टेंबरपर्यंत होती. दुसऱ्या बाजूने बँकांकडून ६६ रकान्यांत कर्जखात्यांची माहिती मागविली गेली. शेतकऱ्याचा अर्ज आणि बँकेचा तक्ता जुळला तरच नाव पात्र यादीत येणार होते. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. प्रत्यक्ष रक्कम खात्यावर येण्यास मात्र माहितीतील विसंगतींमुळे अनेकांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

या विसंगती कोठून आल्या, याचा विचार वर आलेल्या इतिहासाच्या प्रकाशात करावा लागतो. योजनेत लाभाचा एकक ‘कुटुंब’ होता : पती, पत्नी आणि अज्ञान मुले. सातबाराचा एकक खातेदार आहे, बँकेचा एकक कर्जखाते आहे, प्राथमिक सहकारी संस्थेचा एकक सभासद आहे. ए.कु.मॅ. म्हणून नाव लागलेल्या थोरल्या भावाने साऱ्या घरासाठी काढलेले पीककर्ज यांपैकी कोणत्या चौकटीत बसवायचे? चारही नमुने आपापल्या जागी निर्दोष होते. ज्या वस्तूचे ते वर्णन करीत होते ती एकच नव्हती. अशा वेळी चूक फाइलमध्ये शोधली जाते. ती दोन स्कीमांच्या मध्ये असते आणि तेथे पाहण्याचे काम कोणत्याच कार्यालयाकडे नसते. परभणीसारख्या, कापूस-सोयाबीनवर आणि पावसाच्या भरवशावर चालणाऱ्या जिल्ह्यात पात्रतेचा निर्णय लांबणे म्हणजे थकबाकीदार हा शिक्का कायम राहणे, आणि पर्यायाने पुढील हंगामाचे नवे पीककर्ज न मिळणे होय.

डिसेंबर २०१९ मधील महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेने यातून काही बोध घेतलेला दिसतो. अर्जाची पायरी काढून टाकण्यात आली, बँकांनीच थोडक्या रकान्यांत माहिती चढवायची होती, आणि याद्या गावात लावून शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरणाच्या वेळी रक्कम मान्य की अमान्य हे सांगायचे होते. २४ फेब्रुवारी २०२० रोजी ६८ गावांची पहिली यादी आली. त्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी दूरचित्रसंवादाद्वारे ज्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांशी बोलणे केले त्यांत परभणी होता. रकाने कमी झाले हा बदल सर्वांच्या नजरेत भरला. त्याहून महत्त्वाचा बदल असा की, ज्याची नोंद आहे त्याला ‘हे मला मान्य नाही’ असे म्हणण्याची जागा प्रथमच नमुन्याच्या आत मिळाली. चावडी वाचनाचेच हे यंत्रातील रूप म्हणता येईल, जरी ते एकेकट्याने, अंगठा टेकवून, करावयाचे असले तरी.

जुन्या नमुन्याला नवा प्रश्न

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा परभणीतील जुने दप्तर पुन्हा उघडले. तपासावयाच्या महसुली कागदांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळ नोंदवही यांचा आणि जन्ममृत्यूच्या गाव नमुना १४ चा समावेश होता. या प्रश्नाची राजकीय बाजू येथे बाजूला ठेवली आहे. अभिलेखांच्या दृष्टीने पाहता, साऱ्याच्या, कुळाच्या आणि मयतीच्या नोंदीसाठी आखलेल्या कागदांना येथे जातीविषयी प्रश्न विचारला गेला. आजच्या सातबारात जातीचा रकाना नाही. नवा नमुना आखताना जुन्यातील जे गाळले गेले, त्याचीच गरज सत्तर वर्षांनी पडली. संगणकात चढविताना ‘नमुन्यात जागा नाही’ म्हणून शेरे व समासातील मजकूर सोडून दिला जातो, तेव्हा पुढच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर त्याबरोबर जात आहे हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही.

मोडी व उर्दूतील ही पाने छायाप्रतींच्या रूपाने संगणकात आली. छायाप्रतीला रकाने नाहीत, तिची बेरीज होत नाही आणि तिच्यावर कोणताही स्कीमा चालत नाही. ती वाचण्यासाठी मोडी आणि फसली सन जाणणारा माणूसच लागतो, आणि जिल्ह्यातील तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांतून अशी माणसे आता मोजकीच उरली आहेत.